ग्रंथालयाची इमारत: आधी वजन, मग पाणी, रंग सगळ्यात शेवटी

ग्रंथालयाच्या नूतनीकरणाची बैठक भरली की बोलणं बहुतेक वेळा दर्शनी भागापासून सुरू होतं. काचेचा दरवाजा, पीओपीचं छत, नवं काउंटर, भिंतीवर साहित्यिकांच्या तसबिरी. यात वाईट काही नाही. पण ठाण्यात किंवा नवी मुंबईत पुस्तकं खराब होतात ती गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याने, बंद खोलीतल्या दमटपणाने आणि वाळवीने. इमारत थकते ती वजनाने आणि गंजलेल्या सळईने. हे दोन्ही दर्शनी भागातून दिसत नाही, म्हणून त्यांचा क्रम मागे पडतो आणि पैसे संपल्यावर आठवतो.

ग्रंथालयाचा आराखडा करताना मूळ पेच असा आहे: पुस्तकाला आणि वाचकाला वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. पुस्तकाला अंधार, कोरडी हवा आणि कमी हालचाल मानवते. वाचकाला उजेड, वारा, खिडकीजवळची जागा आणि मोबाइल चार्जिंगची पिन हवी असते. एकाच हॉलमध्ये दोघांना कोंबलं की दोघांचंही नुकसान होतं. चांगला आर्किटेक्ट आधी विचारतो, ‘पुस्तकं किती, कोणत्या प्रकारची, आणि पुढच्या २० वर्षांत किती वाढणार?’ भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं शेवटचं सूत्र ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे, असं सांगतं. इमारतीच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे. आज कप्पे पूर्ण भरतील एवढीच जागा ठेवली तर पाच वर्षांत पुस्तकं जिन्यात येतात. म्हणून सुरुवातीलाच २५ ते ३० टक्के कप्पे रिकामे धरून रॅक मोजावेत.

वजनाचा हिशेब

स्लॅबवर माणसं, सामान यांचा किती भार धरायचा हे भारतीय मानक आयएस ८७५च्या दुसऱ्या भागात दिलं आहे. राहत्या घरासाठी २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे सोयीसाठी २०० किलो म्हणा. ग्रंथालयाच्या वाचनकक्षासाठी ३०० किलो, पुस्तकंही त्याच कक्षात ठेवणार असाल तर ४००. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीसाठी मात्र ६०० किलो, तेही २.२ मीटर उंचीपर्यंत. त्यापुढे प्रत्येक मीटर उंचीला आणखी २०० किलो.

घराच्या तिप्पट आकडा पाहून समितीतल्या कुणाला तरी तो फुगवलेला वाटतो. तेव्हा मोजून पाहू. कथा-कादंबऱ्यांच्या एक मीटर ओळीचं वजन साधारण २५ किलो भरतं. मासिकांचे बांधीव खंड, कोश, गॅझेटियर असतील तर ४५ किलोच्या आसपास. एक दुतोंडी लोखंडी रॅक घ्या: रुंदी ९० सेंमी, खोली ४५ सेंमी, दोन्ही बाजूंना सहा-सहा कप्पे. पुस्तकांची एकूण ओळ १०.८ मीटर, म्हणजे २७० किलो, वर रॅकचं स्वतःचं सुमारे ७० किलो. एकूण ३४० किलो. हा रॅक आणि त्याच्या वाट्याची ९० सेंमीची गल्ली धरली तर जागा भरते सव्वा चौरस मीटरच्या आत-बाहेर. प्रति चौरस मीटर २८० किलो झाले. खंडांचे रॅक असतील, कप्पे उंच म्हणून दर बाजूला पाचच धरले, तरी आकडा ३९०पर्यंत जातो. गल्लीत उभे वाचक, ट्रॉली आणि रॅकच्या माथ्यावर रचलेले गठ्ठे (ते असतातच) यांचा भार वेगळा. म्हणजे घर म्हणून बांधलेल्या फ्लॅटमध्ये साध्या कादंबऱ्यांचे रॅक नेटके लावले तरी मर्यादा ओलांडली जाते.

रुळांवर सरकणारे, एकमेकांना चिकटणारे रॅक, ज्यांना सगळे कॉम्पॅक्टर म्हणतात, ते घेताना तर हा हिशेब आधी करायलाच हवा. विक्रेता सांगतो, ‘त्याच खोलीत दुप्पट पुस्तकं.’ बरोबर आहे, आणि वजनही दुप्पट. वरचेच सहा रॅक चिकटवून मध्ये एकच गल्ली ठेवली तर प्रत्येक रॅकच्या वाट्याला जेमतेम ०.५४ चौरस मीटर येतात. कादंबऱ्यांसाठी ६३० किलो, खंडांसाठी ८८० किलो प्रति चौरस मीटर. रूळ आणि गाड्यांचं वजन मिळवा. म्हणून अशा खोलीसाठी स्लॅब १,००० ते १,४०० किलोसाठी काढतात. जुन्या इमारतीत कॉम्पॅक्टरची जागा तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या फरशीवरच. तिथेही फरशीखालचा भराव नीट दाबलेला नसेल तर रूळ एका बाजूला खचतात, आणि मग गाडी ढकलली तरी परत मूळ जागी येते.

रॅक कुठे ठेवायचे यालाही नियम आहे. स्लॅब मधोमध सर्वात जास्त वाकतो, म्हणून जड रॅक बीमच्या वर किंवा अगदी जवळ, हलकी टेबलं मध्ये. बंद केलेल्या बाल्कनीत रॅक नकोतच. बाल्कनीचा स्लॅब एका बाजूनेच धरलेला असतो आणि त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात. काँक्रीट ओतताना त्या पायाखाली दाबल्या गेलेल्या असतात किंवा नंतर वरून मुरलेल्या पाण्याने गंजतात. असा स्लॅब वाकून इशारा देतोच असं नाही. सोसायटीतल्या किंवा जुन्या हॉलमधल्या वाचनालयांत जागा वाढवायचा पहिला उपाय म्हणजे बाल्कनी ‘आत घेणं’, आणि तिथेच बांधीव दिवाळी अंकांची भिंत उभी राहते. तिथे खुर्च्या ठेवा, कुंड्याही नकोत.

ठाणे-मुंबईचा परिसर भूकंप क्षेत्र ३ मध्ये धरला जात आला आहे. भूकंपाच्या गणितात ३०० किलोपर्यंतच्या चलभाराचा (म्हणजे माणसं, सामान यांच्या भाराचा) २५ टक्के भाग इमारतीच्या वजनात धरतात. त्याहून जास्त भार असेल तर ५० टक्के. त्यामुळे वाचनकक्षाचं रूपांतर रॅकच्या खोलीत केलं की फक्त त्या मजल्याचा स्लॅब तपासून भागत नाही, कॉलम आणि पायाही पुन्हा तपासावे लागतात. रॅक मात्र स्वस्तात सुरक्षित करता येतात: पाय फरशीत बोल्टने घट्ट, आणि सगळ्या ओळींचे माथे आडव्या अँगलने जोडून भिंतीत अडकवलेले. नाहीतर एक रॅक कलला की ओळीने सगळे जातात.

तळमजला की पहिला मजला?

इथे ठाणे-नवी मुंबईचा खास प्रश्न येतो. वजन म्हणतं पुस्तकं तळमजल्यावर ठेवा; पाऊस म्हणतो वर न्या. ठाण्याच्या सखल भागांत जोरदार सरीत गुडघाभर पाणी साचतं. नवी मुंबईत वाशीसारखे भाग खाडीकाठच्या भरावावर वसले आहेत. तिथलं पावसाचं पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला खाडीत सोडण्याची व्यवस्था सिडकोने केली. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की हे पाणी उतरायला वेळ लागतो. शिवाय अशा जमिनीत भूजल वर असतं, त्यामुळे फरशी आणि भिंतीचा खालचा फूट-दीड फूट भाग पूर न येताही ओलसर राहतो.

नव्या इमारतीत उत्तर सोपं आहे: रॅक पहिल्या मजल्यावर घ्या आणि तो मजला सुरुवातीपासूनच ६०० किलोसाठी काढा. तळमजल्यावर देवाणघेवाण, वृत्तपत्रं, बालविभाग, ज्येष्ठांची बैठक. भिजलं तर फर्निचर भिजेल. भरावाच्या मऊ चिकणमातीत पाइल पाया, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचा पाया, लागतोच, त्यात हा जादा भार सुरुवातीला धरला तर खर्चात फार फरक पडत नाही. नंतर पायाला हात घालणं हा वेगळाच प्रकल्प होतो.

जुन्या इमारतीत मधला मार्ग काढावा लागतो. चालू वाचनाची, पुन्हा विकत घेता येतील अशी पुस्तकं तळमजल्यावर, पण सर्वात खालचा कप्पा फरशीपासून निदान १५ सेंमी वर. पाणी शिरल्याचा इतिहास असेल तर ४५ सेंमी. दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखितं, जुनी मासिकं संख्येने कमी असतात, ती वरच्या मजल्यावर कॉलम-बीमलगत. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ची आहे. अशा शतक ओलांडलेल्या संस्थांकडे त्या काळातला लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त कागद असतो. तो मुळातच तपकिरी आणि ठिसूळ होत जातो, आणि उष्णता व दमटपणाने त्याचा वेग वाढतो. भिजलेलं पुस्तक ४८ तासांत वाळायला लागलं नाही तर बुरशी धरते. गुळगुळीत कागदाची पानं तर वाळताना एकमेकांना चिकटतात, ती नंतर सुटत नाहीत.

जोतं उंच करताना उताराची जागा आधीच सोडा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ः१२पेक्षा तीव्र नको. म्हणजे ६० सेंमी जोत्याला ७.२ मीटर लांब उतार, ९० सेंमीला १०.८ मीटर आणि मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा. ही लांबी नकाशावर आधी न सोडल्यामुळेच बऱ्याच ठिकाणी नंतर घसरगुंडीसारखा रॅम्प चिकटवलेला दिसतो, ज्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात.

जुनी इमारत: तपासणीत काय मागायचं

इमारत ३० वर्षांवरची असेल तर महापालिका कायद्यातल्या कलम २६५-अ नुसार संरचनात्मक तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. तिच्या अहवालावरून इमारतीचा वर्ग ठरतो: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ग्रंथालयासाठी सी-२ए आणि सी-२बीमधला फरक फार मोलाचा. हजारो पुस्तकं हलवायची की नाहीत, हे त्यावर ठरतं. माणसांना सी-२बी पुरेसा असला तरी रॅकच्या खोलीत दुरुस्ती करायची तर रॅक रिकामे करावेच लागतात, कारण भाराखालच्या बीमची दुरुस्ती म्हणजे निव्वळ लेप होतो.

डोळ्यांनी पाहून लिहिलेला चार पानी अहवाल स्वीकारू नका. चाचण्या मागा. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून वेग मोजतात. सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, ३च्या खाली असेल तर शंकास्पद. हाफसेल चाचणी सळईच्या गंजाचा अंदाज देते. वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. काँक्रीटच्या ताज्या छेदावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो. जो भाग बिनरंगी राहतो त्यातलं काँक्रीट सळईचं रक्षण करेनासं झालेलं असतं. खाडीजवळच्या इमारतीत क्लोराइडचं प्रमाणही मागावं, कारण खारट हवेतल्या क्षाराने होणारा गंज गुलाबी रंग दिसत असतानाही चालू असू शकतो. आणि तपासणाऱ्या इंजिनीअरला लेखी विचारा, ‘प्रत्येक खोलीत प्रति चौरस मीटर किती किलो चालतील?’ हा एक आकडा बहुतेक अहवालांत नसतो, आणि ग्रंथपालाला नेमका तोच लागतो.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे: आधी टेकू, मग पोकळ झालेलं काँक्रीट फोडून सळई मागच्या अंगापर्यंत मोकळी करणं, गंज घासून काढणं, सळईची जाडी फार घटली असेल तर शेजारी नवी सळई, गंजरोधक लेप, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. कंत्राटदार घाईत सळईचा पुढचाच अर्धा भाग मोकळा करून लेप मारतात. मागे राहिलेला गंज फुगतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत तुकडा पुन्हा सुटतो. म्हणून लेपाआधी प्रत्येक जागेचा फोटो आणि मोजमाप वहीत घ्या. बिलही त्यावरच निघायला हवं.

पाणी: गच्चीपासून एसीपर्यंत

ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. गच्चीचं गणित मात्र वर्षाच्या बेरजेवर चालत नाही, तासाच्या सरीवर चालतं. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत १०० मिमी व्यासाचा एक पाइप साधारण ८५ चौरस मीटर गच्चीचं पाणी वाहून नेतो. १५० मिमीचा पाइप २५० चौरस मीटर. म्हणजे ३०० चौरस मीटरच्या गच्चीला १०० मिमीचे चार पाइप लागतात. त्यातला एक पानांनी तुंबणार हे गृहीत धरून पाच-सहा ठेवा. जुन्या इमारतींना अनेकदा दोनच असतात. मग पाणी साचतं, कोब्यात मुरतं आणि कोबा फाटला अशी ओरड होते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे कोब्यावर कोबा. विटांच्या तुकड्यांचा १०-११ सेंमी जाडीचा एक थर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. गळती थांबली नाही म्हणून दुसरा, मग तिसरा थर टाकला की घराच्या स्लॅबला धरलेला सगळा चलभार गच्चीने कायमचा खाल्लेला असतो. योग्य काम म्हणजे जुना कोबा खरवडून स्लॅबपर्यंत जाणं, भेगा ग्राउटने भरणं, सिमेंट-पॉलिमरचा लेप, मग १ः१०० उताराचा एकच कोबा, आणि कठड्याच्या भिंतीवर किमान ३० सेंमी चढवलेला गोलसर वळणाचा लेप. गळती बहुतेक वेळा सपाट भागातून होतच नाही. ती होते कठड्याच्या सांध्यातून, पाइपच्या तोंडाशी आणि पाण्याच्या टाकीच्या पायांखालून. काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून पाणी ४८ तास भरून ठेवा आणि खालून छत तपासा. पाणी बांधण्याआधी इंजिनीअरला विचारा. १० सेंमी पाणी म्हणजे चौरस मीटरला आणखी १०० किलो.

आपल्याकडे लोक गच्चीवर सरळ पत्र्याची शेड टाकतात. शेड कामाची आहे, पण परवानगी घ्या, चारही बाजूंनी छप्पर बाहेर काढा आणि शेडच्या पाण्याला वेगळी पन्हळ द्या. पन्हळ नसली तर आधी पसरून पडणारं पाणी एका रेषेत कठड्यावर कोसळतं, आणि जिथे गळती नव्हती तिथे सुरू होते.

रॅकच्या खोलीत, विशेषतः गच्चीच्या लगेच खाली, पीओपीचं छत लावूच नये. पाणी वर साचत राहतं, डाग दिसेपर्यंत महिना जातो, आणि मग एक तुकडा भिजून थेट पुस्तकांवर येतो. उघडा, चुना किंवा फिका रंग मारलेला स्लॅब पहिल्याच दिवशी ओल दाखवतो. तसंच वरच्या मजल्यावरचं शौचालय किंवा पॅन्ट्री रॅकच्या डोक्यावर येऊ देऊ नका. नकाशे एकावर एक ठेवून पाहायला पाच मिनिटं लागतात.

भिंतीवर पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा येतो. ४५ सेंमीचा छज्जा अशा सरीला काहीच अडवत नाही. ७५ ते ९० सेंमी हवा, खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच असलेला. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत खालच्या रुळाला बाहेर उघडणारी बारीक छिद्रं असतात. रंगारी ती बुजवतो आणि रुळात साचलेलं पाणी आत ओसंडतं. पावसाळ्याआधी तारेने ती मोकळी करून घ्यावीत.

आता हवेतलं पाणी. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला पोषक होते. पावसाळ्यात इथे बाहेरची हवा ८५-९० टक्क्यांवर असते. त्यामुळे ‘खिडक्या उघडा, हवा खेळू द्या’ हा सल्ला दिवाळीनंतर बरोबर, जुलैत चूक. एसी लावला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. दिवसभर एसीने पुस्तकं आणि भिंती २४ अंशांवर आणल्या आणि रात्री एसी बंद केला की दाराच्या फटींतून ३० अंशांची, ८५ टक्के दमट हवा आत येते. त्या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. २४ अंशांच्या पुठ्ठ्यावर तिचं पाणी होतं. म्हणजे दिवसाच चालणारा एसी रोज रात्री पुस्तकांना बारीक दव घालतो. गरजेपेक्षा मोठा एसीही असाच फसवतो. खोली झटपट थंड करून तो थांबतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही.

सगळ्या ग्रंथालयाला २४ तास एसी परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. दुर्मीळ ग्रंथांसाठी आतली एक छोटी खोली निवडा, जिला बाहेरची भिंत नाही आणि वर गच्ची नाही. तिथे आर्द्रता शोषणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, २४ तास चालवा. लक्ष्य ४५ ते ५५ टक्के. यंत्राची टाकी भरली की ते आपोआप थांबतं आणि रविवारी टाकी रिकामी करायला कोणी नसतं, म्हणून पाण्याची नळी थेट ड्रेनला जोडा. बाकी रॅक बाहेरच्या भिंतीपासून १५ सेंमी दूर, पाठ उघडी, आणि पंखा चालू. साध्या डिजिटल आर्द्रतामापकाची सकाळ-संध्याकाळची नोंद वर्षभर ठेवली तर पुढचा आर्किटेक्ट तुमचे आभार मानेल.

वाळवी ओलीच्या मागून येते. उभ्या इमारतीत भिंत आणि फरशीच्या सांध्यावर दर ३० सेंमीला १२ मिमीची भोकं पाडून प्रत्येकात एक लिटरपर्यंत वाळवीनाशक द्रावण पंपाने सोडतात आणि सिमेंटने बुजवतात. लाकडी चौकट आणि भिंत यांमधली फटही त्यात घ्यायची. हे काम नवीन लाद्या बसवण्याआधी करा. नंतर कुणी चकचकीत लादीला भोक पाडू देत नाही.

वाचकासाठी

बसायच्या जागेला माणशी साधारण २.३ चौरस मीटर धरतात, गल्ल्यांसह. १०० चौरस मीटरमध्ये ४३ खुर्च्या. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेला मागणी एवढी असते की तिथे ७० बसवल्या जातात, आणि मग मधली खुर्ची उठली की तिघांना उठावं लागतं. अभ्यासिका वाचनकक्षापासून वेगळी काढा, शक्य असेल तर दारही वेगळं. तिची वेळ लांब, तिथे बारा-बारा तास बसणारी मुलं. ग्रंथालय बंद झाल्यावरही ती चालू राहायला हवी, पण रॅकच्या खोलीला कुलूप लागायला हवं. शौचालय, पिण्याचं पाणी आणि डबा खायची जागा अभ्यासिकेच्या बाजूला. डब्याची जागा दिली नाही तर डबा रॅकमागे खाल्ला जातो, आणि झुरळं व उंदीर त्याच वाटेने येतात.

वाचनाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड लागतो. रॅकच्या सर्वात खालच्या कप्प्यावर, पुस्तकाच्या पाठीवर, १०० ते २०० लक्स पुरतात. दुर्मीळ खोलीत ५०. रॅकच्या ओळी खिडकीच्या भिंतीला काटकोनात ठेवा, म्हणजे उजेड गल्लीत शिरतो. एलईडी पट्ट्या मात्र रॅकच्या दिशेला आडव्या लावा. पुढे रॅक सरकले तरी दिवे बदलावे लागत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीला अतिनील किरण अडवणारी फिल्म आणि बाहेरून सावली. आतल्या पडद्याने प्रकाश अडतो, पण ताप आत आलेलाच असतो.

वीज आणि आग

अभ्यासिकेत ६० जणांनी ६५ वॅटचे लॅपटॉप लावले तर पावणेचार-चार किलोवॅट तिथेच जातात. दिवे, पंखे, एसी धरून जुनं एकफेजी कनेक्शन पुरत नाही. थ्रीफेजसाठी महावितरणकडे अर्ज नकाशाच्या टप्प्यावरच करा. रात्री मेन स्विच बंद करून जाण्याची ग्रंथालयांची जुनी सवय चांगली आहे, पण त्याने डीह्युमिडिफायर, फायर अलार्म आणि कॅमेरेही बंद पडतात. या तिघांची लाइन मेनच्या आधीपासून वेगळी, स्वतःच्या एमसीबीसह घ्या. रॅकच्या गल्ल्यांत प्लगपॉइंट नकोत.

स्प्रिंकलरची, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या तोंडांची, ग्रंथपालांना भीती वाटते: एक ठिणगी आणि सगळी पुस्तकं भिजणार. प्रत्यक्षात ज्या तोंडाजवळची हवा साधारण ६८ अंशांवर जाते तेच तोंड उघडतं, सगळी एकदम उघडत नाहीत. ती सिनेमातली गोष्ट. अग्निशमन दलाचा होज त्याहून खूप जास्त पाणी मारतो. फक्त तोंडाखाली अर्धा मीटर जागा मोकळी हवी. रॅकच्या माथ्यावर गठ्ठे ठेवले की फवारा अडतो. दुर्मीळ खोलीसाठी पाण्याऐवजी वायूने आग विझवणारी प्रणाली योग्य, पण ती खोली हवाबंद असेल तरच.

खरा धोका दुसऱ्या दाराचा असतो. नकाशात दोन जिने दाखवलेले असतात आणि पुस्तकं चोरीला जातात म्हणून एकाला कायमचं कुलूप लागलेलं असतं. त्याला आतून ढकलताच उघडणारी पट्टी आणि उघडताच वाजणारी घंटा लावा, चोरीही थांबते. २००६च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, भरावा लागतो, त्याच वेळी हे दार उघडून पाहायला हरकत नाही.

पुस्तकं हलवणं आणि परत आणणं

४५ × ३० × २५ सेंमीचा खोका पुस्तकांनी गच्च भरला की २० किलोच्या वर जातो. असे पाच खोके एकावर एक ठेवले तर त्या जागेवर चौरस मीटरला ७०० किलोहून जास्त भार येतो. म्हणजे रॅकपेक्षाही वाईट. म्हणून शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या पहिल्या मजल्यावर खोके रचू नका. तळमजला, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून दूर. प्रत्येक खोक्यावर रॅक, बाजू, कप्पा आणि क्रम असे चार आकडे दोन बाजूंना लिहा. गोणपाटात बांधलेली पुस्तकं कडांना वाकतात, दोरीने पुठ्ठा कापला जातो. हलवण्याआधीच फाटकी, कसर लागलेली आणि दुबार पुस्तकं वेगळी काढली तर परत आणायचे खोके कमी होतात.

गच्चीचं काम दसऱ्यानंतर सुरू करून मार्चपर्यंत संपवा; एप्रिल-मे आतल्या कामाला आणि वाळण्याला. नवं प्लास्टर आणि दुरुस्त काँक्रीट बाहेरून कोरडं दिसलं तरी आत पाणी धरून असतं. अर्धा मीटर चौरस प्लास्टिक कागद भिंतीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर रॅक आणायची वेळ झालेली नाही. उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असते आणि रंग ओला असताना रॅक भिंतीला टेकतात; पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या मागेच काळे ठिपके उमटतात.

कंत्राट लिहिताना दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ, ‘१२ महिने’ असा न लिहिता ‘काम पूर्ण झाल्यानंतरचा पहिला पूर्ण पावसाळा धरून’ असा लिहा, आणि राखून ठेवलेली पाच टक्के रक्कम त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गच्ची, कठडे आणि खिडक्यांची पाहणी झाल्यावरच सोडा. गच्चीची दहा वर्षांची हमी स्टॅम्पपेपरवर घेताना लेप पुरवणाऱ्या कंपनीची सहीही घ्या. तीन वर्षांनी कंत्राटदाराचा फोन लागेलच असं नसतं.